इथेच बसा

बर्गन, २ मार्च २०१६

अरुणामावशी,

तुझं पत्र दहा दिवसांनी पोचलं. पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं. शाळा सोडून इतकी वर्षं झाली तरी तू अजून फळ्यावर लिहायचीस तसंच लिहितेस. टॅबलेटवरची मेल तुझ्या लेकाला, सारंगला दिसते म्हणून कागद, हे वाचून हसू आलं. मला चालेल. दिवसभर इंग्रजी बोलल्यावर मराठीत बसायला कोणी तरी हवंच असतं.

तुमची बोट २३ मेला सकाळी आठला लागते आणि संध्याकाळी साडेपाचला सुटते. त्या दिवशी बंदरात तीन बोटी आहेत. म्हणजे आठ हजार माणसं न्याहारी करून एकदम खाली उतरणार. बोटीवरच्या टूर डेस्कवर ‘शहर आणि बंदर, साडेतीन तास’ ही सहल मागा. तुम्ही माझ्याच बसमध्ये याल असं मी ऑफिसला सांगून ठेवते.

काम कसं चालतं ते विचारलं होतंस. प्रत्येकाच्या छातीवर बसच्या नंबराचं स्टिकर लावतात. माझ्या हातात काठीवर तोच नंबर लिहिलेली पाटी असते. सगळ्यांनी पाटीमागून चालायचं. मी लाकडी घरं दाखवते, ती वाकडी का झाली ते सांगते. मग मासळीबाजार, मग बसने वरचा पॉईंट, फोटो, आणि खाली. बसमध्ये चढलं की दर वेळी डोकी मोजायची. आपल्याकडे पंगतीत पानं मोजतात तशी. विनोदही ठरलेले आहेत. इथे वर्षातले दोनशे दिवस पाऊस पडतो आणि उरलेले दिवस पडणार असतो. अमेरिकन हसतात. जर्मन विचारतात, नक्की दोनशे का?

नियम एकच कडक आहे. कोणालाही एकटं मागे सोडायचं नाही. थकलं, रुसलं, नवऱ्याशी भांडलं, तरी नाही. तेवढ्यावरून गाईडचा बिल्ला जातो.

एरिक गेल्या ऑक्टोबरात वेगळा राहायला गेला. आईला सांगू नकोस. आता या बिल्ल्यावरच सगळं आहे.

काकांना साडेतीन तास जमेल ना? फॉर्मवर विचारतील.

ऋता


क्वीन्सटाउन, सिंगापूर, १७ मार्च २०१६

ऋता,

एरिकचं वाचलं. सुमित्राला माझ्याकडून कळणार नाही.

काका ठणठणीत आहेत. कान तेवढे गेले, चाळीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली त्याचं. मोठ्याने बोल. डावा गुडघा मधून मधून धरतो. बाकी काही नाही.

१९७९ साली ते फोर्थ इंजिनियर होते तेव्हा बोटीचा शाफ्ट तुटला आणि अकरा आठवडे तुझ्या गावासमोरच्या काठावर, ड्रायडॉकमध्ये काढावे लागले. लग्नानंतर त्याबद्दल मी एवढंच ऐकलं होतं की थंडी होती आणि बटाटे होते. आता रोज नवीन काही तरी निघतं. फोरमनचं नाव, त्याच्या कुत्र्याचं नाव. ऐकायला मजा वाटते.

बॅग भरून झाली आहे. अजून दोन महिने आहेत म्हटलं तर म्हणाले, ‘बोटीवर साइन-ऑन व्हायची तारीख कोणी बदलली?’ मी म्हटलं, ‘तुमच्या कंपनीने.’ त्यावर त्यांनी बॅग रिकामी केली आणि पुन्हा भरली. हौस आहे, दुसरं काय.

शेजारचे लिम अंकल चारला कोपीचा, इथल्या कॉफीचा, कप घेऊन कॉरिडॉरमध्ये येतात आणि विचारतात, ‘कॅप्टन, व्हेन सेलिंग?’ हे सांगतात, ‘नॉट कॅप्टन. चीफ इंजिनियर.’ रोज तोच प्रश्न आणि तेच उत्तर. दोघंही कंटाळत नाहीत.

फॉर्म मीच भरला. सगळीकडे ‘नाही’वर खूण केली. सारंगला तिकिटं हातात आल्यावर सांगेन. तो तिकडे पूर्वेला, मरीन परेडला राहून इथली काळजी करतो.

तू आहेस म्हणून मला निश्चिंत वाटतं.

अरुणामावशी


बर्गन, ११ जून २०१६

अरुणामावशी,

तुम्ही पोचलात हे आईकडून कळलं. तू स्वतः कळवलं नाहीस. तेही मी समजू शकते.

ऑफिसने चौकशी संपेपर्यंत माझा बिल्ला जमा करून घेतला आहे. मी घरीच आहे. पोलिसांना जे सांगितलं तेच तुला लिहिते, म्हणजे तुझ्या मनात काही राहायला नको.

मासळीबाजारापर्यंत काका गटाबरोबर होते. तिथून बसमध्ये चढायचं होतं, पण तीन बोटींच्या गर्दीमुळे बसची जागा ऐन वेळी बदलली. मी सगळ्यांना पाटीमागून नव्या जागी नेलं. आत मोजलं. अडतीस भरले, हवे तेवढेच. शेवटच्या रांगेत काकांसारखी निळी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला ते काका वाटले. ते अकरा नंबरच्या बसचे होते, चुकून माझ्याकडे चढलेले. बोटीच्या दारात सगळ्यांची कार्डं लागल्यावर कळलं की एक माणूस आलेला नाही. तोवर निघायची वेळ झाली होती. बोट चाळीस मिनिटं थांबली. मग तू दोन बॅगा घेऊन खाली उतरलीस.

काकांना काही आठवत नाही, हे मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकलं. तू पोलिसांना सांगत होतीस आणि मी भाषांतर करत होते. तू ड्रायडॉकचं सांगितलंस म्हणून पोलीस समोरच्या काठावर गेले. सापडले ते इकडेच, सकाळी सहाला, जुन्या जेट्टीवरच्या गोदामामागे. मासळीबाजारापासून अर्धा किलोमीटर. तिथवर ते कसे गेले, कोणालाच माहीत नाही.

मार्चमध्ये हे लिहिलं असतंस तर मी त्यांचा हात सोडला नसता.

चौकशीसाठी तुझं लेखी निवेदन लागेल. त्यांची छाती आता कशी आहे?

ऋता


क्वीन्सटाउन, २६ जून २०१६

ऋता,

छाती भरलेली आहे. औषधं चालू आहेत.

तुझं म्हणणं बरोबर आहे. मी लपवलं. दोन वर्षं लपवत होते, सारंगपासूनही. फॉर्मवर स्मरणशक्तीबद्दल वेगळी ओळ होती. तिथे खूण करताना माझा हात थांबला नव्हता.

सारंग चिडलेला आहे. माझ्यावर चिडता येत नाही म्हणून तुझ्यावर. तुमच्या कंपनीकडे तक्रार करायची, गाईडने नीट मोजलं नाही म्हणून, असं त्याने ठरवलं आहे. ३१ ऑगस्टच्या आत द्यावी लागते. त्यावर माझी सही हवी. त्याने मजकूर तयार केला आहे. त्यात लिहिलं आहे की वडील सहलीला निघाले तेव्हा पूर्ण शुद्धीत आणि सक्षम होते. मी अजून सही केलेली नाही.

आता इथलं सांगते. आल्यापासून ते वेताची खुर्ची कॉरिडॉरमध्ये लिफ्टकडे तोंड करून ठेवतात आणि तिच्यात बसतात. आत येत नाहीत. जेवण तिथेच. झोपही तिथेच, मान टाकून. पलंगावर चला म्हटलं की म्हणतात, ‘रिलीव्हर आलेला नाही.’ बोटीवर पाळी, म्हणजे वॉच, संपली तरी दुसरा माणूस येऊन ताबा घेईपर्यंत जागा सोडायची नसते, तुला माहीत असेल. परवा पावसाची झड आत आली. त्यांनी खुर्ची दोन हात मागे ओढली आणि मला सांगितलं, ‘आडोशाला आलोय. जागा सोडलेली नाही. नोंद करा.’

लिम अंकल म्हणाले, ‘कॅप्टन, शिफ्ट ओव्हर ऑलरेडी, ला.’ यांनी त्यांना चीफ इंजिनियरसुद्धा सांगितलं नाही. नुसते लिफ्टकडे बघत राहिले.

मी विचारलं, कोणी बसवलं तुम्हाला? म्हणाले, ‘ती पाटीवाली मुलगी. म्हणाली, काका, इथेच बसा, मी घ्यायला येते.’

ऋता, तू त्यांना कुठे बसवलं होतंस का?

अरुणामावशी


बर्गन, ८ जुलै २०१६

अरुणामावशी,

नाही.

काकांना त्या दिवसाचं काही आठवणं शक्य नाही. तूच सांगितलंस की ते सकाळी काय खाल्लं तेही विसरतात. अशा आजारात माणसं मधली रिकामी जागा काही तरी घालून भरतात, असं मी वाचलं आहे. तुमच्या डॉक्टरांना विचार. बंदरावर गाईड पन्नास वेळा ‘इथे थांबा, मी येते’ असं म्हणते. सगळ्यांना म्हणते. त्यातलं एखादं वाक्य त्यांच्या डोक्यात राहिलं असेल.

सारंगने जरूर तक्रार करावी. पण ते सक्षम होते असं तू सही करून दिलंस तर ते खोटं होईल, आणि ते खोटं आहे हे इथल्या पोलिसांकडे तुझ्याच तोंडून नोंदलेलं आहे. धमकी देत नाही. फक्त लक्षात आणून देते.

इथे पाऊस आहे. माझ्या खिडकीतून बोटी येताना दिसतात. माझ्या बसची नऊ नंबरची पाटी आता एक बल्गेरियन मुलगी धरते.

ऋता


क्वीन्सटाउन, २१ जुलै २०१६

ऋता,

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, भरतात, काही जण भरतात. मग मला विचारलं, ‘यांचं सांगणं बदलतं का?’ मी म्हटलं, नाही. रोज तेच असतं. बाक लोखंडी होता. समोर पाण्यात दोन पिवळे बोये तरंगत होते. उजव्या हाताला गोदाम. मुलीने गुडघ्याकडे बघून विचारलं, ‘काका, दुखतंय का?’ गट पुढे गेला होता आणि लोक ओरडत होते. तिने पाटी खांद्यावर टाकली आणि ती पळाली. मग पाऊस आला म्हणून ते गोदामामागे गेले, पेटीवर बसले.

पस्तीस वर्षांचा माझा अनुभव सांगते. ते कधी काही रचून सांगणारे नव्हते. बोटीवरून लिहिलेल्या पत्रांतसुद्धा हवामान असायचं. आता तर रचायला लागतं तेवढं डोकंही उरलेलं नाही.

माझं एक सांगायचं राहिलं आहे. त्या दिवशी मी ताप आहे म्हणून बोटीवर राहिले आणि त्यांना एकट्याला तुझ्या बसमध्ये बसवून दिलं. मला ताप नव्हता. दोन वर्षांत मी न्हाणीघराचं दार आतून लावलेलं नव्हतं. त्या सकाळी मी अकराव्या डेकवर खिडकीशी बसले. एक कॉफी घेतली. मग दुसरी घेतली. कोणी मला काही विचारलं नाही. समोर तुझं गाव होतं, ती वाकडी घरं दिसत होती, आणि संध्याकाळपर्यंत मी एकदासुद्धा घड्याळ बघितलं नाही. तू घरची म्हणून तुझ्याकडे सोपवलं. काय सोपवतेय ते सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, म्हणून सांगितलं नाही. हे सारंगला माहीत नाही.

आता माझं काम ऐक. त्यांना उठवायचं आहे. बसून बसून पाय सुजले आहेत, छाती मोकळी होत नाही. आडवं झाल्याशिवाय ती होणार नाही. सारंगने फोन करून बघितलं, कंपनीतून बोलतोय म्हणून. त्यांनी त्याला नाव विचारलं, पद विचारलं आणि फोन माझ्या हातात दिला. म्हणाले, ‘कोणी तरी पोरगा आहे.’ सारंगच्या जाईने लिफ्टमधून येऊन सांगितलं, ‘आजोबा, कम ला, बस आली.’ त्यांनी विचारलं, ‘पाटी कुठे आहे?’ ती खाली दुकानात जाऊन पुठ्ठा घेऊन आली, त्यावर मोठा नऊ काढला आणि पुन्हा लिफ्टमधून आली. त्यांनी पाटी नीट बघितली. म्हणाले, ‘पाटी बरोबर आहे. ही ती मुलगी नाही.’

बोटीवर त्यांच्या केबिनबाहेर ऑर्डरची वही टांगलेली असायची. तोंडी सांगितलेलं ते ऐकून घ्यायचे, मानायचे लिहिलेलं. तू त्यांना एक चिठ्ठी लिही. सारंगसाठी नाही, चौकशीसाठी नाही, त्यांच्यासाठी. जिने बसवलं तिनेच उठवायला हवं.

अरुणामावशी


बर्गन, १ ऑगस्ट २०१६

अरुणामावशी,

सोबत चिठ्ठी आहे. त्यांना बरं वाटणार असेल तर मला लिहायला काहीच हरकत नाही. याचा दुसरा अर्थ काढू नये.

ऋता

*काका, नमस्कार. आता उठा आणि आराम करा. तब्येतीला जपा. – ऋता*


क्वीन्सटाउन, १२ ऑगस्ट २०१६

ऋता,

चिठ्ठी बुधवारी आली. त्यांना चष्मा दिला. त्यांनी वाचली, उलटून मागची बाजू बघितली आणि परत दिली. म्हणाले, ‘यावर तारीख नाही, वेळ नाही, जागा नाही. कोणी कोणाला सोडलं ते लिहिलेलं नाही. ही ऑर्डर होत नाही.’

मी त्यांच्याशी भांडले. मोठ्याने. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. ते शांतपणे म्हणाले, ‘बाई, तुम्ही प्रवासी आहात. तुम्ही खाली जा.’

मला ते ओळखत नाहीत हे त्या दिवशी कळलं.

तुझ्या चिठ्ठीत काय नाही ते तुलाही दिसतं. वेळ आणि जागा घातलीस की ती कबुली होते. मी तुला फसवत नाही, हे माझ्याही लक्षात आहे. तसा कागद माझ्या घरात आला की तो सारंगच्या हाती पडू शकतो. पडणार नाही असं वचन मी देत नाही. मी सध्या कोणालाच वचन देऊ शकत नाही. त्यांना ताप एकशे एक आहे, या वेळी खरा.

अरुणामावशी


बर्गन, २३ ऑगस्ट २०१६

अरुणामावशी,

लाकडी घरांपाशी काकांचा गुडघा धरला. गट थांबला. मागून दुसऱ्या बसचा गट येत होता. लोक मला वेळेबद्दल विचारायला लागले. मी काकांना जेट्टीवरच्या बाकावर बसवलं. मराठीत सांगितलं, काका, इथेच बसा, मी घ्यायला येते. ते म्हणाले, ‘ऑल राइट.’ मला वाटलं, घरचं माणूस आहे, ऐकेल. दुसऱ्या कुठल्या प्रवाशाला मी असं सोडलं नसतं.

मासळीबाजाराचं आटोपून मी बस त्यांच्याकडे नेणार होते. जागा बदलली. मग सगळ्यांना बसवून पळत जाऊन आणणार होते. मोजले तर अडतीस. मागे निळी टोपी, म्हणजे काका स्वतःच आले. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी तोंड बघितलं नाही.

सव्वासहाला मी बाकापाशी गेले. पाऊस होता. बाक रिकामा होता. मी दोनदा हाक मारली. तू लिहिलं होतंस, मोठ्याने बोल. गोदाम साठ पावलांवर आहे. मी नंतर जाऊन मोजली. त्या दिवशी मी गोदामामागे गेले नाही.

पोलिसांनी विचारलं, शेवटचं कुठे पाहिलंत? मी म्हटलं, मासळीबाजारात. बाक रिकामाच आहे, आता बाकाचं सांगून काय उपयोग, असं वाटलं. असं वाटलं हेही खरं नाही. बिल्ला आठवला. मग तू ड्रायडॉकचं सांगितलंस आणि मी ते भाषांतर करून दिलं. शब्दन् शब्द बरोबर करून दिलं. ते सगळे समोरच्या काठावर निघून जाताना मी बघत होते. मी बोलले असते तर काका साडेसहाला सापडले असते.

सोबतचा कागद कोणाला दाखवायचा ते तू ठरव.

ऋता

*बर्गन बंदर. २३ मे २०१६.*

*काका, मी ऋता, बस क्रमांक नऊची गाईड. सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी जुन्या जेट्टीवरच्या लोखंडी बाकावर मी तुम्हाला बसवलं आणि घ्यायला येते असं सांगितलं. मी आले नाही. तुम्ही जागा सोडली नाही. तुम्हाला उशिरा सोडते आहे, चूक माझी. तुमच्या जागेचा ताबा मी घेतला. तुम्ही जाऊ शकता.*

*ऋता. २३ ऑगस्ट २०१६, सकाळी ९ वाजता.*


क्वीन्सटाउन, २० सप्टेंबर २०१६

ऋता,

तुझा कागद २ सप्टेंबरला आला. सारंगची मुदत दोन दिवस आधी संपली होती. माझ्या सहीवाचून तक्रार गेली नाही. तो अजून मुदत वाढवून मागतो आहे.

त्यांनी कागद दोनदा वाचला. बोटाने ओळ धरून. वेळेपाशी थांबले, मनगटावरच्या घड्याळात बघितलं. पेन मागितलं. खाली सही केली, सहीखाली वेळ घातली, सोळा शून्य पाच. कागदाची चौघडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. मग उठायला गेले. पायांनी उठवेना. मी आणि लिम अंकलनी धरलं. लिम अंकल म्हणाले, ‘गुड वॉच, चीफ.’ इतक्या वर्षांत पहिल्यांदा चीफ म्हणाले. यांनी मान हलवली.

त्या दिवशी ते पलंगावर आडवे झोपले. जूनपासून पहिल्यांदा. मी पायांना तेल लावलं. त्यांनी कोणाची वाट बघितली नाही. पुढचे सात दिवस झोपूनच होते. छाती मोकळी झाली नाही. उशीर झाला होता असं डॉक्टर म्हणाले. नऊ तारखेला सकाळी गेले. मी शेजारी होते. मला ओळखलं नाही, पण माझा हात दूर केला नाही.

शर्ट दुसरा घातला तरी ते कागद या खिशातून त्या खिशात घालत होते. शेवटच्या शर्टातही होता. मांडईच्या स्मशानात न्यायच्या आधी सारंगने विचारलं, ‘आई, बर्गनहून काही आलं होतं का? लिम अंकल काही तरी म्हणत होते.’ मी म्हटलं, आलं होतं, बाबांसाठी होतं. त्याने खिशाकडे बघितलं. मीही बघितलं. हात कोणीच घातला नाही. कागद त्यांच्याबरोबर गेला.

मी तुझ्या ऑफिसला आणि बोटीच्या कंपनीला निवेदन पाठवलं आहे. फॉर्म खोटा भरला होता, ताप नव्हता, त्यांना एकटं पाठवलं. तारीख, वेळ, डेक क्रमांक, सगळं लिहिलं आहे. सारंगला प्रत दिली. तो तीन दिवस इकडे आलेला नाही. तुझ्याबद्दल मी काहीही लिहिलेलं नाही. माझ्या कागदावर ते तुझा बिल्ला बहुतेक परत देतील.

तुला माफ केलं असं मी लिहीत नाही. ते मला स्वतःबद्दलही लिहिता आलेलं नाही. खुर्ची अजून बाहेर आहे. चार वाजता लिम अंकल येतात, तिच्याकडे बघतात आणि उभ्यानेच कोपी पितात.

तुझ्या हातचा तो कागद आता कुठेही नाही. तो काय होता हे फक्त आपल्या दोघींना माहीत आहे. पुन्हा लिहायचा की नाही, ते तू ठरव. लिहिलास तर वेळ आणि जागा घाल.

अरुणामावशी